रंग त्यांचा, शेजार माझा

गोधडीची ऑर्डर देताना "ताई, रंग तुम्हीच ठरवा, तुम्हाला त्यातलं जास्त कळतं" असं जी माणसं म्हणतात, त्यांचं काम सगळ्यात अवघड. विश्वास असतो, आपुलकी असते, ॲडव्हान्सही लगेच येतो. पण त्यांच्या मनात एक रंग असतोच. तो फक्त तोंडावर आलेला नसतो. गोधडी शिवून हातात पडली की मग तो बाहेर येतो. "सुंदर झालीय हो, पण मला वाटलं होतं जरा फिकट असेल." त्यापेक्षा "मला राणीच हवा, पोपटी काठाचा, आणि कुणी काही म्हणालं तरी बदलायचा नाही" असं ठणकावून सांगणारी बाई आली, की माझं अर्धं काम तिनेच केलेलं असतं.

मी ऑर्डरप्रमाणे गोधड्या शिवते. बहुतेक वेळा कापड गिऱ्हाइकाच्या घरचंच असतं, आईच्या, आजीच्या, सासूबाईंच्या साड्या. कमी पडेल ते मी रविवार पेठेतून आणते. हाताने वस्तू करणाऱ्या आम्हा मंडळींत, म्हणजे कुणी क्रोशे करतं, कुणी वारली रंगवतं, कुणी गणपती, एक तक्रार कायम ऐकू येते: गिऱ्हाइकाला रंगातलं कळत नाही. चित्राचा रंग सोफ्यावरून ठरवतात, गणपतीच्या पितांबराला लेकीच्या फ्रॉकचा रंग मागतात. मला ही तक्रार पटत नाही, आणि आताशा ती ऐकून रागही येतो. माणूस पैसे मोजून, आठवडेच्या आठवडे थांबून एक वस्तू स्वतःसाठी करून घेतो, तेव्हा तिचा रंग ठरवण्याचा पहिला हक्क त्याचा. तो रंग त्याला का हवा आहे हे विचारणं माझं काम. तो कुणाच्या शेजारी बसेल, किती जागा घेईल आणि कुठल्या उजेडात दिसेल, हे बघणंही माझं. एवढं हातात असलं तर जवळजवळ कुठलाही रंग गोधडीत नांदवता येतो.

यामागे मोठा आधार आहे. पॅरिसमध्ये गोब्लाँ नावाचा जुना राजेशाही कारखाना आहे. भिंतीवर टांगायचे चित्रमय पडदे तिथे हाताने विणतात. १८२४ साली तिथल्या रंगशाळेचा प्रमुख म्हणून मिशेल युजेन शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. त्याच्यापुढे ज्या तक्रारी आल्या त्यांतली एक काळ्या रंगाची होती. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्या विणायला दिलेल्या काळ्या धाग्याला जोर नाही, तो मरगळलेला दिसतो, असं म्हणणं होतं. शेव्रलने आपल्याकडची काळी लोकर आणि दुसऱ्या नावाजलेल्या ठिकाणांची काळी लोकर आणून एकमेकींशी ताडून पाहिली. आपली लोकर कुठेच कमी नव्हती. रंगारी चुकला नव्हता. निळ्या-जांभळ्याच्या शेजारी बसल्यामुळे काळ्याचा जोर जात होता. त्या धाग्याचा मागोवा घेत त्याने शेजारचे रंग एकमेकांना कसे बदलतात याचा नियम शोधला आणि १८३९ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढच्या पिढ्यांतल्या चित्रकारांनी तो अभ्यासला. मला मात्र या गोष्टीतला सुरुवातीचा भागच जास्त आवडतो. तक्रार आली तेव्हा "तुमच्या डोळ्यांत दोष आहे" असं न म्हणता हा माणूस उठला आणि लोकर तपासायला बसला.

गोधडीत हा नियम पावलोपावली भेटतो. सध्या बऱ्याच घरांच्या बेडरूम राखाडी असतात. भिंत राखाडी, पडदे राखाडी, म्हणून गोधडीतही राखाडी हवी असते. आणि आईची आठवण म्हणून आलेली साडी असते लाल काठाची इरकल. दोन्ही हवंच, आणि दोन्ही का नसावं? पण निव्वळ राखाडी तुकडा लालाला थेट जोडला की तो हिरवट दिसायला लागतो. मग मेसेज येतो, "ताई, ही राखाडी आजारी वाटतेय, काढून टाका." काढायची गरज नसते. किंचित तांबूस झाक असलेली राखाडी निवडली, तर लालाच्या शेजारी ती अगदी स्वच्छ राखाडी दिसते. किंवा दोघांच्या मध्ये करंगळीच्या रुंदीची काळी पट्टी घालायची. त्या पट्टीने दोघांना थोडं लांब केलं की लाल लाल राहतो, राखाडी राखाडी. गिऱ्हाइकाचे दोन्ही रंग शाबूत, आणि पट्टीकडे कुणाचं लक्षही जात नाही.

दुसरी गोष्ट फिकट-गडदाची. घरातल्या साड्या एकत्र केल्या की डाळिंबी, शेवाळी, जांभळा, मोरपंखी हे वेगवेगळे वाटतात खरे, पण गडदपणाने ते सगळे एकाच पायरीवर असतात. लांबून पाहिलं तर एकच काळोखा गोळा. गिऱ्हाइकाला हे शब्दांत सांगून पटत नाही. मी तुकडे जमिनीवर मांडून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढते आणि पाठवते. सगळं एकसारखं करडं दिसतं, तेव्हा त्यांनाच कळतं की मध्ये एखादा मोतिया किंवा बदामी लागणार आहे. तो मोतिया कुठला घ्यायचा हे मग तेच शोधतात. घरातून एखादा जुना सदरा निघतो, बाळाची फाटकी चादर निघते. गोधडीसाठी याहून चांगलं कापड माझ्या दुकानदाराकडे नसतं.

पण रंग कुणाचा, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नसतो. पैसे देणारी एक आणि पांघरणारी दुसरी असली की खरी कसोटी.

सत्तरी ओलांडलेल्या एका काकूंनी झगझगीत निळा मागितला. साध्यासुध्या निळ्याने त्यांचं समाधान होईना. दाखवलेला प्रत्येक तुकडा त्यांना मळकट वाटत होता. संध्याकाळी त्यांच्या लेकीचा फोन आला. "अहो, आईला जरा सौम्य काहीतरी सुचवा ना. तो निळा डोळ्यांत खुपतो." लेक मनापासून बोलत होती, गोधडी तिच्याच घरातल्या पलंगावर असणार होती आणि पैसेही तीच देणार होती. मी तिला विचारलं, आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का? नव्हतं झालं. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळा उजेड अडवायला लागतं. त्यामुळे लेकीला जो निळा खुपत होता, तोच आईला आकाशासारखा साधा, मोकळा दिसत असण्याची शक्यता होती. म्हातारपणी माणूस भडक रंग मागतं ते पुष्कळदा एवढ्याचसाठी, की त्याला तो रंग आपल्यासारखा दिसावा. त्याला आवड बिघडली म्हणणं मला निष्ठुरपणाचं वाटतं.

लेकीला हे सांगितल्यावर ती गप्प झाली. मग आम्ही गोधडीच्या दोन बाजूंचा विचार केला. पुढची बाजू काकूंच्या निळ्याची. मागचं अस्तर लेकीच्या पसंतीच्या फिकट पारवा रंगाचं. दिवसा पलंगावर पारवा वर, रात्री पांघरताना निळा वर. आणि उद्या ऑपरेशन होऊन निळा काकूंनाही फार वाटायला लागला, तर उलटून घ्यायला दुसरी बाजू आहेच. आपल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या गोधडीला दोन तोंडं ठेवली ती कापडाच्या सोयीने, पण भांडण मिटवायलाही त्यांचा चांगला उपयोग होतो.

बाळाच्या दुपट्याला तर पैसे देणारे एक, बघणारे दहा. आईला हवं असतं पांढरं आणि राखाडी, आजीला त्यात लाल-पिवळं काहीच नाही म्हणून वाईट वाटतं. काळ्याचं तर विशेषच. बारशाच्या दुपट्यात काळ्याची रेघही चालत नाही, आणि त्याच बाळाच्या पहिल्या संक्रांतीला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून बोरन्हाण होतं. म्हणून दुपट्याच्या ऑर्डरला मी आधी विचारते, कुठल्या दिवसासाठी? दिवस कळला की निम्मा रंग ठरतो.

आता उजेडाबद्दल. यावर मी जरा जास्तच बोलते, कारण फसगत सगळ्यात जास्त इथेच होते.

लक्ष्मी रोडवर साडी घ्यायला गेलेल्या जुन्या बायका पाहिल्यात? आवडलेली साडी दुकानाच्या दारापर्यंत न्यायच्या, पदर बाहेरच्या उन्हात धरायच्या आणि मग भाव विचारायच्या. दुकानदार कंटाळायचे, पण बायकांचं बरोबर होतं. कापडाला स्वतःचा उजेड नसतो, पडलेल्या उजेडातला थोडा तो परत करतं, एवढंच. घरात पिवळसर दिवा असेल तर तो साधारण २७०० केल्व्हिनचा, आणि पांढराशुभ्र दिवा ६५०० केल्व्हिनचा. केल्व्हिन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, दिव्याच्या खोक्यावर हा आकडा छापलेला असतो. पिवळ्या दिव्याखाली निळे-जांभळे बसतात आणि केशरी-तांबडे उठतात, पांढऱ्या दिव्याखाली नेमकं उलटं. याहून विचित्र म्हणजे, दोन कापडं दुकानात तंतोतंत जुळतात आणि घरी आणल्यावर वेगळी दिसतात. दोन्हींत वेगवेगळी रंगद्रव्यं असतात. एका उजेडात ती आपल्या डोळ्याला एकसारखी भासतात, दुसऱ्या उजेडात त्यांचं बिंग फुटतं. मॅचिंग ब्लाउजपीसवरून घरोघरी जे वाद झालेत, त्यांतले कितीतरी या एका कारणाने झाले असणार.

आणि आता तर सगळं ठरतं मोबाइलवर. मोबाइलचा कॅमेरा पांढरं काय ते स्वतःच्या अंदाजाने ठरवतो आणि बाकीचे रंग त्यानुसार सरकवतो. राणी आणि कुसुंबी तर पडद्यावर धड उतरतच नाहीत; एक भडकतो, दुसरा निळसर होतो. गिऱ्हाइकाच्या फोनवर रात्रीचा पिवळा मोड चालू असेल तर मी पाठवलेला अबोली त्यांना भगवा दिसतो. पैठणीवाल्यांचे हाल याहून मोठे. धूपछाव पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो; पदर हलला की रंग हलतो. एकाच साडीचे दोन फोटो पाठवले तर गिऱ्हाईक म्हणतं या दोन साड्या आहेत. आणि येवल्याच्या मागावर एकदा उभा ताणा लागला की त्या साडीपुरता तो रंग कायमचा. तिथे फोटोवरून ऑर्डर घेणं म्हणजे किती मोठी जोखीम, याची कल्पना मागावर न बसणाऱ्याला यायची नाही.

म्हणून मी फोटोवर रंग पक्का करत नाही. तळहाताएवढे तुकडे कापून, मागे नंबर लिहून, कुरिअरने पाठवते. सोबत चिठ्ठी: हे तुकडे जिथे गोधडी असणार आहे तिथे पसरून ठेवा, सकाळी बघा, दुपारी बघा, दिवा लावल्यावर बघा, घरातल्या सगळ्यांना बघू द्या, मग नंबर कळवा. अमेरिकेतली मंडळी म्हणतात, तुकडे यायला वेळ लागेल. लागू दे. वर्षानुवर्षं पांघरायची वस्तू आहे. तुकडे पाठवायला लागल्यापासून "फोटोत वेगळा होता" हे वाक्य माझ्या कानावर येत नाही, आणि दुसरं एक घडतं. तुकडे घरात पसरलेले असताना घरातली माणसं बोलायला लागतात. ज्यांनी "तुम्हीच ठरवा" म्हटलेलं असतं, त्यांचा मनातला रंग तिथे तोंडावर येतो.

दोऱ्याविषयी गिऱ्हाईक सहसा काही बोलत नाही, आणि माझ्या मते निम्मी गोधडी दोऱ्यात असते. धावदोरा काठापासून आत आत जातो, सगळ्या तुकड्यांवरून, एकाच रंगाचा. पांढऱ्या दोऱ्याचे दाट टाके लाल कापडावर पडले की लाल उजळतो. काळ्या दोऱ्याचे पडले की तोच लाल खोल जातो. विल्हेल्म फॉन बेझोल्ड या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने १८७४ च्या आपल्या पुस्तकात नक्षीमधला एकच रंग बदलला की बाकीचे सगळे कसे बदललेले दिसतात याबद्दल लिहून ठेवलं आहे, आणि आज तो परिणाम त्याच्याच नावाने ओळखतात. तर एखादीने मागितलेला रंग तिच्या इतर कापडांत अगदीच एकटा पडत असेल, तर मी त्याच रंगाचा दोरा सबंध गोधडीभर फिरवते. कापड तेवढंच राहतं, पण तो रंग मग कोपऱ्यात बसलेला पाहुणा वाटत नाही.

नाही म्हणायची वेळ येते ती कापडामुळे. आवडीमुळे मी नाही म्हणत नाही. ओला पांढरा रुमाल साडीवर घासला आणि रंग रुमालाला लागला, तर ती साडी फिकट तुकड्यांशेजारी मी लावणार नाही. पहिल्याच धुण्यात शेजारी बिघडतील. मिठाच्या पाण्याने सुटणारा रंग थांबतो असं घरोघरी सांगतात, माझ्या हाती तसं झालेलं नाही. हळदीत रंगवलेला पिवळा हवा असेल तर आधीच सांगते की तो उन्हात लवकर उडतो. नैसर्गिकच पाहिजे असेल तर डाळिंबाच्या सालीचा, तुरटी लावून केलेला पिवळा घ्या, थोडा मंद आहे पण टिकेल. हे ऐकूनही कुणाला हळदीचाच हवा असतो. लग्नातल्या हळदीची साडी असते, उडाली तरी चालेल म्हणतात. मग मी शिवते. कापड कापल्यावर रंग बदलता येणार नाही, एवढं मात्र ॲडव्हान्सच्या वेळी लिहून देते-घेते.

सध्या हातात असलेलं काम नागपूरच्या एका घरचं आहे, आणि हा लेख लिहायला बसले तो त्या कामामुळेच. आजीची पांढरी सुती साडी. १४ ऑक्टोबर १९५६ ला, आज ज्या जागेला आपण दीक्षाभूमी म्हणतो तिथे, आजी ती नेसून गेल्या होत्या. बाबासाहेबांनी सगळ्यांना पांढरी वस्त्रं घालून यायला सांगितलं होतं आणि लाखो माणसं तशी आली. कित्येक घरी गोधडीत पांढरा फार नको, चांगलं दिसत नाही, असं मला बजावलं जातं. या घरात पांढऱ्याइतका शुभ रंग दुसरा नाही. नातीने सांगितलं, मधोमध आजीची साडी आणि सगळीकडून निळा काठ. पांघरायची नाही, भिंतीवर लावायची.

साडी विरलेली आहे, म्हणून खालून मलमलीचा आधार दिला. प्रश्न आला पांढऱ्याचा. इतक्या वर्षांनी ती साडी पिवळसर झाली आहे, आणि निळ्याला थेट चिकटून बसलं की कुठलाही पांढरा आणखी पिवळट दिसतो. नवी पांढरी पट्टी मध्ये घालावी तर तेही चालणार नाही. आजच्या पांढऱ्या कापडात चकाकी आणणारी द्रव्यं असतात, उन्हात ती निळसर चमकतात आणि त्यांच्या शेजारी जुनी साडी न धुतलेली वाटते. नातीने विचारलं, "साडीला नीळ देऊन घेऊ का?" मी म्हटलं, ते तुमच्या मनावर आहे, पण हे सूत आता पाणी आणि पिळणं सोसणार नाही, आधी शेजार बदलून बघूया. निळा आणि पांढरा यांच्यामध्ये मी मांजरपाटाची पट्टी ठेवली, कोऱ्या, न विरंजलेल्या कापडाची. मांजरपाट आजींच्या साडीपेक्षा पिवळं आहे. ते शेजारी आलं आणि साडी पांढरी झाली. निळा बाहेरच्या काठावर गेला, तिथे तो हवा तितका ठसठशीत राहू शकतो.

तीन रुंदींच्या पट्ट्या टाचून नमुने पाठवले होते. काल नातीचा फोन आला. घरातल्या सगळ्यांनी भिंतीवर लावून पाहिले, तिच्या आईने तर दुपारच्या आणि रात्रीच्या उजेडात दोनदा पाहिले. "ताई, मधला नमुना घेऊ. पण मांजरपाट अजून दोन बोटं वाढवा, निळा तेवढाच ठेवा. आई म्हणते, आजी नेसायच्या तेव्हा ती अशीच दिसायची." दोन बोटं वाढवायची तर घरात आहे तेवढं मांजरपाट पुरणार नाही, आणि दुसऱ्या ताग्याचं रंगाला जुळेलच असं नाही, तुकडा बरोबर घेऊन रविवार पेठेत जाते, दुकानाच्या दाराशी उन्हात धरून बघते.